फौजेतलं घरी सांगावं की नाही?

रिकामा_खंदक
फौज सोडून आलेल्याला हल्ली जो तो एकच सल्ला देतो. बोला, मोकळे व्हा, मनात ठेवू नका. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. मला मात्र हा सल्ला पटत नाही.

लढाईतलं ज्यांनी पाहिलंय, त्यांच्याशीच ते बोलावं. घरी नाही, ऑफिसात तर नाहीच. घरी सांगायला जावं तर ऐकणारा हादरतो आणि मग आपणच त्याला सावरत बसायचं. नाहीतर तो 'तुम्ही हीरो आहात' म्हणून हात जोडतो आणि विषय तिथेच संपतो. ओळख झाल्या झाल्या 'कुणाला मारलंय का हो कधी?' विचारणारेही भेटतात. यावर काय उत्तर अपेक्षित असतं, देव जाणे.

बरं, बोलायला लावण्याने फायदा होतोच असंही नाही. जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये 'डीब्रीफिंग'ची पद्धत मांडली. भयंकर प्रसंगानंतर थोड्याच दिवसांत सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते बोलून घ्यायचं. ती बऱ्याच देशांत रुजली. पुढे वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात दिसलं, की अशा एका बैठकीने पुढचा त्रास टळतो याला पुरावा नाही. सक्तीचं डीब्रीफिंग थांबवा, असंच त्यात सुचवलंय.

सांजवारा
असहमत. माझ्या मिस्टरांचं निम्मं आयुष्य फौजेत गेलं, त्या नात्याने लिहिते.

घरी सांगू नका म्हणता, पण घरी दिसतंच असतं हो! रात्री पुन्हा पुन्हा उठून कडी बघणं, कुठेही गेलं तरी दाराकडे तोंड करून बसणं, मुलीच्या हातून भांडं पडलं की घर डोक्यावर घेणं. आम्हाला हे सगळं दिसतं, कारण तेवढं कळत नाही. मग प्रत्येकजण आपल्यापुरतं कारण शोधतो. बाबांना आपणच आवडत नाही, असं माझी मुलगी कित्येक वर्षं धरून चालली होती.

मला तपशील नकोच आहेत. कोण गेलं, कसं गेलं ते ऐकून मी काय करणार? पण 'आजचा दिवस मला जड जातो, आज मला एकटं राहू दे' एवढं सांगायला काय जातं? मित्राचा फोन आला की तासभर हसणं-खिदळणं, फोन ठेवला की तोंडाला कुलूप. हे रोज बघणाऱ्याला कसं वाटत असेल, याचाही विचार करा.

जुना_सिग्नलवाला
मी तसा धागाकर्त्यांच्या बाजूचा, पण जुन्या साथीदारांच्या बैठकीला त्यांनी फारच मान दिलाय. पलटणीतले जमले की खरं काय होतं? किस्से. कोण चिखलात पडला, कुणी साहेबांची जीप रुतवली. तेच ते, दरवेळी थोडं जास्त तिखटमीठ लावून. ज्या रात्रीबद्दल बोलायला हवं, तिला सगळे वळसा घालून जातात. कारण त्या रात्री कोण पुढे गेला आणि कोण जागचा हलला नाही, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. साथीदार समजून घेतात, मान्य. पण साक्षीदारही तेच असतात.

रिकामा_खंदक
साक्षीदार असतात म्हणूनच तर! त्यांच्यासमोर थापा मारता येत नाहीत. बाहेरच्यासमोर मी स्वतःला हवा तसा रंगवू शकतो आणि तो मान डोलावतो. असल्या मोकळं होण्याला काय अर्थ?

निरंजना
मी समुपदेशक आहे, फौजी नाही. डीब्रीफिंगची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष ताणलेला वाटला. त्या आढाव्यातले प्रयोग मुख्यतः नागरिकांवरचे होते, अपघातासारख्या प्रसंगांनंतरचे आणि बहुतेक एकेकट्याशी केलेले. घटनेनंतर लगेच, एकदाच, आणि तेही सक्तीने बोलायला लावू नये, इतकंच त्यातून निघतं. वर्षांनंतर आपल्या मर्जीने, विश्वासाच्या माणसाशी बोलण्याला ते लागू करता येणार नाही.

'ज्यांनी पाहिलंय त्यांच्याशीच' यावरही एक उदाहरण देते. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक'वर, म्हणजे लढाईने सैनिकांच्या मनाला बसणाऱ्या धक्क्यावर लिहिलं, तेव्हा या माणसांचं करायचं काय यावर डॉक्टरांचं एकमत नव्हतं. वाचा गेलेल्या सैनिकांना लंडनमध्ये लुईस यीलँड विजेचे झटके देऊन बोलतं करत होता. एडिनबराजवळ क्रेगलॉकहार्टच्या इस्पितळात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स मात्र अधिकाऱ्यांशी नुसता बोलत होता. 'आठवणी डोक्यातून काढून टाका' या सल्ल्यानेच माणसं जास्त बिघडतात, हे त्याने १९१७ च्या व्याख्यानात मांडलं. सतत तेच उगाळत बसणंही त्याला मान्य नव्हतं. आता गंमत बघा, रिव्हर्स हा डॉक्टर आणि मानववंशशास्त्रज्ञ. तो स्वतः खंदकात लढला नव्हता.

वर्कशॉपवाला
इथे सगळे 'त्या रात्री'वर बोलताहेत. माझ्या नोकरीत तशी रात्रच नाही. मी गाड्या दुरुस्त केल्या. कुठल्याही फौजेत स्वयंपाकी, कारकून, मेकॅनिक, स्टोअरवाले असतात, आणि त्यांतल्या कित्येकांवर गोळी झाडायची वेळच येत नाही. बाहेर आल्यावर तेही सैरभैर होतात.

मला बंदुकीची आठवण येत नाही, मला हजेरीची येते. सकाळी कुठे उभं राहायचं हे ठरलेलं होतं, आपण नसलो तर चार जणांच्या लक्षात यायचं. सिव्हिलमध्ये मी आठवडाभर दिसलो नाही तरी कुणाचं काही अडत नाही. पण हे सांगायला गेलो की समोरचा लढाईच्या गोष्टीची वाट बघतो आणि ती येत नाही म्हटल्यावर मोबाइल काढतो. माझ्या दृष्टीने तुमचा प्रश्नच अर्धवट आहे. सांगावं की नाही हे नंतर, आधी ऐकणाऱ्याला नक्की काय ऐकायचंय ते बघा.

दर्यावर्दी
+१ वर्कशॉपवाला. माझ्या मते बोलण्यापेक्षा परतण्याच्या वाटेला महत्त्व आहे. व्हिएतनाममध्ये अमेरिकेच्या बहुतेक सैनिकांची पाळी १२ महिन्यांची असे, पण ज्याची त्याची सुटायची तारीख वेगळी. तारीख आली की एकट्याने विमानात बसायचं आणि एक-दोन दिवसांत जंगलातून थेट घरी. फॉकलंड बेटांच्या युद्धात अर्जेंटिनाने ब्रिटनपुढे १४ जून १९८२ ला शरणागती पत्करली आणि ब्रिटिश मरीन कमांडोंना घेऊन 'कॅनबेरा' जहाज साउदॅम्प्टनला लागलं ११ जुलैला. एवढे दिवस सगळे एकत्र, हाती फारसं काम नाही. रडणं, भांडणं, झोपणं जे काय ते समुद्रावरच झालं. पुढे अफगाणिस्तानहून परतणाऱ्यांना ब्रिटिश सैन्य वाटेत सायप्रस बेटावर थांबवू लागलं, पण जेमतेम एक-दीड दिवस. तेवढ्यात काय होणार?

सांजवारा
छान. म्हणजे जहाजावर सगळं आटोपून यायचं आणि घरी कोरा चेहरा न्यायचा? जहाजाची मुदत संपते हो, घराची संपत नाही.

निरंजना
१९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनामहून परतलेल्यांनी स्वतःच बैठका सुरू केल्या होत्या. रॉबर्ट लिफ्टन आणि चायम शटन या मनोविकारतज्ज्ञांना त्यांनीच आत घेतलं, पण काय बोलायचं, किती बोलायचं हे सैनिकांनी स्वतःच्या हातात ठेवलं. १९८० मध्ये अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक आजार) आला, त्यामागे या मंडळींचा रेटा होता. दार बंद ठेवून त्यांना ते जमलं नसतं.

रिकामा_खंदक
किती बोलायचं ते स्वतःच्या हातात, हे मान्य. सांजवारा ताई, जड दिवस कुठला ते घरी सांगता येईल. त्या दिवशी काय झालं ते मी तरी सांगणार नाही, आणि 'सगळं सांगितलं नाही तर आजारी पडाल' असं कुणी म्हटलं तर वादही घालेन.

जुना_सिग्नलवाला
वर्कशॉपवाले, तुमचं हजेरीचं वाचून विचारतो, सध्या काय करता? आमच्याकडचे काहीजण आग विझवणं, पुरातली सुटका असल्या स्वयंसेवी पथकांत जातात. तिथे वेळेवर आला नाहीत तर शिव्या पडतात म्हणे.