मदत हवी: कॉइल आखूड झाल्यावर हीटर जास्त का तापतो? (दहावीचं फिजिक्स + घरचा प्लग)

नमस्कार मंडळी, इंदूरहून विचारतोय. थंडी पडली की आमच्याकडे अजून तो जुना कॉइलवाला हीटर निघतो, 2000 वॉटचा, मातीच्या प्लेटमध्ये निक्रोमची (निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू) कॉइल बसवलेला. भाचीला दहावीत हाच धडा आहे, एच बरोबर आय स्क्वेअर आर टी (उष्णता = करंटचा वर्ग × रेझिस्टन्स × वेळ), आणि तिने मला पकडलंय.

करंट वायरमधून पण तोच आणि कॉइलमधून पण तोच, मग वायर गार न कॉइल लालबुंद का, एवढं मी निभावलं, की तांब्यापेक्षा निक्रोमची रेझिस्टिव्हिटी, म्हणजे करंटला अडवायचा धातूचा गुण, साठपटीहून जास्त, वर तार बारीक आणि लांब. पण मग म्हणते, मामा, कॉइल तुटली तेव्हा आजोबांनी जळका तुकडा काढून टोकं पिळून जोडली ना, म्हणजे आर कमी झाला, मग हीटर आधीपेक्षा जास्त लाल कसा?? आणि पुस्तकात पॉवर बरोबर व्ही स्क्वेअर बाय आर (व्ही म्हणजे व्होल्टेज) पण दिलंय, ते बरोबर उलटं सांगतं. दोन्ही खरं कसं काय?

माझा स्वतःचा डाउट वेगळाच: वायर ठीक असते पण प्लगची एकच पिन चटका बसेल इतकी तापते. का?

प्रतिसाद 1:
भिया, दोन्ही खरे, फक्त कायम काय राहतंय ते बघायचं. वायर आणि कॉइल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या, करंट एकच, तिथे ज्याचा आर जास्त तो तापणार. पण जुनी कॉइल न आखूड कॉइल यांची तुलना करताना कायम आहे व्होल्टेज, 230. आर घटला की करंट वाढतो आणि फॉर्म्युल्यात त्याचा वर्ग आहे. दहावा भाग गेला तर पॉवर साधारण 2220 वॉट, ती पण कमी तारेत, म्हणजे दर सेंटीमीटरला 23 टक्के जास्त. जोडलेली कॉइल लवकरच पुन्हा जळते ती म्हणूनच.

प्रतिसाद 2:
आत काय होतं ते पण सांगा तिला. इलेक्ट्रॉन पुढे ढकलले जातात, धातूच्या अणूंना धडकत ऊर्जा देतात, अणू जास्त थरथरतात, तीच उष्णता. निक्रोममध्ये निकेल-क्रोमियमचे अणू सरमिसळ बसलेले, म्हणून धडका जास्त.

आता पिन. 2000 वॉट म्हणजे 8.7 अँपिअर. दीड स्क्वेअर एमएमची तीन मीटर वायर, दोन्ही तारा धरून 0.07 ओहम, म्हणजे जेमतेम 5 वॉट आणि ते पण पूर्ण लांबीवर पसरलेले, हाताला कळणारच नाही. पण सॉकेटमध्ये पिन सैल किंवा काळी पडलेली असेल आणि तिथे नुसता एक तृतीयांश ओहम आला तरी 25 वॉट, सगळे एका टोकावर. छोटा सोल्डरिंग आयर्न तेवढ्याचाच असतो. सॉकेट 16 अँपिअरचं नवीन बसवा, प्लग पण बदला, तोवर हीटर लावूच नका. आणि आजोबांना म्हणावं कॉइल पिळत बसू नका, इलेक्ट्रिकच्या दुकानात नवी मिळते.

धागाकर्ता:
क्लिअर झालं, भाचीला पण. मिस्त्रीला फोन केलाय, आजोबांशी मात्र तुम्हीच बोला.