प्रश्न: सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरांच्या श्रेणी-गुणांची सरासरी) चांगला असला की समर फेलोशिप मिळतेच?
नाही, सीजीपीएवर सगळं ठरत नाही. पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के ही अट चार वर्षांच्या पदवीतल्या चौथ्या, संशोधनाच्या वर्षाची (ऑनर्स विथ रिसर्च) आहे. तीन विज्ञान अकादम्यांची दोन महिन्यांची समर रिसर्च फेलोशिप वेगळी. तिचा अर्ज साधारण आदल्या नोव्हेंबरातच भरावा लागतो, आणि घोडं अडतं ते शिफारसपत्रापाशी. नेमक्या तेव्हाच सेमिस्टर परीक्षा, पत्र देणारे सर पेपरांत बुडालेले. तीन आठवडे आधीच गुणपत्रिका आणि प्रोजेक्टचा अर्ध्या पानाचा गोषवारा त्यांच्या हातात ठेवा.

दुसरं म्हणजे अर्जातला मजकूर. ‘मला संशोधनाची आवड आहे’ (सगळ्यांनाच असते!) यापेक्षा ‘पेरोव्स्काइट सोलर सेल दमट हवेत लवकर का खराब होतात’ असा नेमका प्रश्न लिहा.