मदत हवी आहे: राय आणि स्कॉच या व्हिस्कींच्या चवीतला फरक नेमका कसा पकडायचा?

शनिवारचा बेत
मुक्काम न्यू जर्सी. घरात तीन बाटल्या आहेत: बुलेट राय (45% अल्कोहोल) आणि दोन स्कॉच, ग्लेनलिव्हेट 12 (40%) आणि लाफ्रॉइग 10 (इथे मिळते ती, 43%). शनिवारी चौघांत शेजारी शेजारी ठेवून चाखायच्या आहेत. एक प्रयत्न फसलाय. सुरुवात लाफ्रॉइगने, ग्लासात बर्फ, सोबत तिखट भडंग. नंतरच्या दोन्ही जवळपास सारख्याच लागल्या. राय 'मसालेदार' असते म्हणतात, तो मसाला नेमका कुठे शोधायचा? क्रम काय ठेवावा, पाणी किती घालावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

लिंबूटिंबू
राय म्हणजे राई ना? मोहरीची दारू??

भट्टीपुराण
लिंबूटिंबू, नाही हो. राय हे गव्हाच्या जातकुळीतलं, थंड प्रदेशातलं धान्य. मोहरीचा काही संबंध नाही.

आता मूळ प्रश्न. चूक क्रमात आणि भडंगात आहेच, पण खरी गोची जोडीत आहे. राय आणि स्कॉच शेजारी ठेवल्या की आपण धान्याची तुलना करतोय असं वाटतं. प्रत्यक्षात निम्मी तुलना पिंपांची होते. अमेरिकन रायमध्ये किमान 51% राय लागते (बुलेटमध्ये 95% आहे, उरलेलं मोड आणलेलं सातू, म्हणजे बार्ली) आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओक पिंपातच मुरवावी लागते. व्हॅनिला, कॅरॅमल, ओलं खोबरं हे सगळं त्या कोऱ्या लाकडातून येतं. स्कॉच मात्र बहुतेक वापरलेल्या पिंपात मुरते. आधी बर्बन (मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की) किंवा शेरी (स्पॅनिश वाइन) राहून गेलेली असते, लाकडाचा पहिला जोर ओसरलेला असतो. म्हणून तिच्यात सातूचा गोडवा, सफरचंद, मध, बिस्किट असं हलकं काही ऐकू येतं. राय गोड लागलीच, तर तो गोडवा रायचा नाहीच, लाकडाचा आहे.

म्हणून चौथी बाटली आणा: मेकर्स मार्क ही बर्बन. 70% मका, 16% गहू, 14% सातू, राय शून्य. पिंप कोरं, जाळलेलं, आणि तीही 45%. ही आणि बुलेट लागोपाठ घेतलीत की लाकूड दोन्हीकडे आहे, उरलेला फरक मुख्यतः धान्याचा. मेकर्स जिभेवर गोल, गोड राहते. रायमध्ये मधल्या घोटाला काळी मिरी, लवंग, पुदिन्यासारखा गारवा येतो आणि शेवट (घोट गिळल्यावर उरणारी चव) कोरडा होतो. तो कोरडा शेवट हीच रायची सगळ्यात पक्की खूण. लवंगेवर मात्र फार विसंबू नका, जाळलेला ओकसुद्धा लवंगेचा वास देतो.

क्रम: ग्लेनलिव्हेट, मेकर्स, बुलेट, सर्वांत शेवटी लाफ्रॉइग. लाफ्रॉइगसाठी पीटच्या (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या जळणाच्या) धुरावर सातू वाळवतात, त्यातले फिनॉल नाकाला आणि जिभेला चिकटून बसतात. डेटॉल-आयोडीनचा तो वास एकदा बसला की पुढे ग्लेनलिव्हेटचं सफरचंद सापडणं कठीण.

माप: माणशी प्रत्येकी 15 मिली. चार मिळून 60, म्हणजे एक लार्ज. बर्फ अजिबात नको, थंडीने वास दबतो. भडंग, शेव, लोणचं सगळं नंतर. मध्ये फक्त साधा पाव आणि पाणी.

सातूचं पीठ
वरच्याशी बाडिस, म्हणजे सहमत. पाण्याचा हिशोब राहिला तेवढा देतो.

45% आणि 40% समोरासमोर ठेवलं की जास्त अल्कोहोलची जळजळ 'मसाला' वाटते. नवशिक्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ हाच. म्हणून सगळ्यांना 40 वर आणा. औषधाच्या दुकानातून 5 मिलीची बिनसुईची सिरिंज आणा. 15 मिली बुलेट किंवा मेकर्सला साधारण 2 मिली पाणी, लाफ्रॉइगला 1 मिली, ग्लेनलिव्हेट तशीच. सूत्र सोपं: व्हिस्कीचे मिली गुणिले तिचा टक्का, भागिले 40, त्यातून मूळ मिली वजा. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर गाळलेलं घ्या.

एक मात्र: पहिला छोटा घोट बिनपाण्याचा घ्यावा, मग पाणी. थेट पाणी घातलं तर पाण्याने काय उघडलं ते कळतच नाही.

ग्लास वर निमुळता हवा. खास ग्लास नसेल तर वाइनचा लहान चालेल. आदल्या दिवशी गरम पाण्याने धुऊन उघडे वाळवा, कपाटातल्या लाकडाचा आणि साबणाचा वास भल्याभल्यांना फसवतो. ओतल्यावर पाचेक मिनिटं थांबा. वास घेताना ओठ किंचित उघडे ठेवा आणि नाक आत खुपसू नका.

रंगावरून काही ठरवू नका. स्कॉचमध्ये रंगासाठी साधं कॅरॅमल घालायला परवानगी आहे, 'स्ट्रेट' रायमध्ये (किमान 2 वर्षं मुरलेली) नाही. एकाने ओतावं, ग्लासखाली आकडे चिकटवावेत, बाकीच्यांनी ओळखावं.

शनिवारचा बेत
भारीच, वाचनखूण साठवली. दोन उपप्रश्न. स्कॉच 12 वर्षांची आणि रायवर वर्षांचा आकडा लहान किंवा नाहीच, मग ही तुलना न्याय्य आहे का? आणि कॅनडातून येणारा मित्र 'कॅनेडियन राय' आणतोय, ती यात बसवू का?

भट्टीपुराण
वर्षं एकास एक मोजू नका. स्कॉचला किमान 3 वर्षं लागतात, 'स्ट्रेट' रायला 2, आणि 4 पेक्षा कमी असेल तर स्ट्रेट रायच्या लेबलवर वय लिहावंच लागतं. कोरं पिंप आणि अमेरिकेतला कडक उन्हाळा मिळून लाकडाचा अर्क भराभर ओढतात. स्कॉटलंडच्या गारव्यात, वापरलेल्या पिंपात तेच काम सावकाश चालतं. उलट राय बारा वर्षं कोऱ्या पिंपात ठेवली तर लाकडाचा तुरटपणा धान्यावर चढण्याची भीती असते.

कॅनेडियन यात नको. तिथे व्हिस्कीला सरसकट 'राय' म्हणायची जुनी पद्धत आहे आणि कायद्यानेही लेबलवर तसं लिहिता येतं, रायचं प्रमाण कितीही असो. अनेक बाटल्यांत मक्याचाच भरणा असतो. धान्याचं प्रमाण स्पष्ट छापलेलं असेल तर आणा, नाहीतर जेवणानंतर सोड्याबरोबर.

सातूचं पीठ
चाखून झाल्यावर उरलेल्या रायचं मॅनहॅटन कॉकटेल करा: 60 मिली राय, 30 मिली गोड व्हर्मूथ (मसाले-वनस्पती घातलेली वाइन), अँगोस्टुरा या कडू अर्काचे 2 शिंतोडे. बर्फात 25-30 सेकंद चमच्याने ढवळा, शेकरमध्ये हलवू नका, नाहीतर गढूळ होतं. रायचा कोरडा शेवट व्हर्मूथच्या गोडीला आवरतो. त्याच मापात ग्लेनलिव्हेट घातली की रॉब रॉय हे कॉकटेल. लाफ्रॉइग मात्र व्हर्मूथला गिळून टाकेल, घालायचीच तर 5 मिली, वरून. आणि व्हर्मूथ उघडलं की फ्रिजमध्येच ठेवा. शेवटी ती वाइन आहे, बाहेर राहिली की आंबूस होते आणि दोष रायला लागतो.