फॅमिली ग्रुप : ४ जुलैला कोण गेलं, कोण आलं

आत्या : (फॉरवर्डेड) अद्भुत योगायोग!! अमेरिकेचे ३ राष्ट्राध्यक्ष ४ जुलैलाच वारले. शास्त्रज्ञही थक्क!! १० जणांना पाठवा.

नाना : शास्त्रज्ञ कुठले थक्क होतात ते देव जाणे, पण बातमी खरी आहे. जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन, दोघेही ४ जुलै १८२६ ला गेले. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी. तिसरे जेम्स मन्रो, १८३१ ला.

चिनू : एकाच दिवशी??

नाना : काही तासांच्या अंतराने. जेफरसन ८३ वर्षांचे, व्हर्जिनियात. अ‍ॅडम्स ९० चे, तिकडे वर मॅसॅच्युसेट्समध्ये. शेवटी अ‍ॅडम्स म्हणाले म्हणे, 'जेफरसन अजून आहे.' तो दुपारीच गेला होता. तार नव्हती तेव्हा, कळणार कसं?

वहिनी : स्वामी विवेकानंदही ४ जुलैलाच गेले ना? १९०२.

नाना : हो. आणि त्याआधी १८९८ ला काश्मीरमध्ये असताना अमेरिकन शिष्यांसाठी त्यांनी या दिवसावर इंग्रजीत कविताही लिहिली होती.

आत्या : बघा! मी काय म्हणत होते.

दादा (पिट्सबर्ग) : गुड मॉर्निंग मंडळी, आमच्याकडे आत्ता उजाडतंय. यंदा, २०२६ ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २५० वर्षं, त्यामुळे कालपासूनच फटाके चालू आहेत. आत्या, त्या यादीत आमच्या गावचा एक घाल. अ‍ॅडम्स-जेफरसन गेले त्याच दिवशी, ४ जुलै १८२६ ला, इथल्या लॉरेन्सव्हिलमध्ये स्टीफन फॉस्टर जन्मला. आज त्याची २०० वर्षं. 'ओ सुझॅना' त्याचंच.

चिनू : ते आम्ही केजीत म्हणायचो!

दादा : सगळेच म्हणतात, त्याचं नाव कुणाला माहीत नसतं. गाणी घरोघरी गेली, पैसा बाकीच्यांनी केला. १८६४ ला न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलात गेला तेव्हा पाकिटात ३८ सेंट होते. वय ३७.

वहिनी : अरेरे. मग आज तिकडे पुतळ्याला हार वगैरे?

दादा : पुतळा २०१८ ला काढला. फॉस्टर वर ऐटीत, आणि पायाशी बँजो वाजवणारा काळा माणूस, फाटक्या कपड्यात. त्याची बरीच गाणी गोरे लोक तोंडाला काळं फासून काळ्यांची नक्कल करत त्या तमाशांसाठी होती. चाली अजूनही गोड लागतात, पण काही मूळ शब्द लेकीला समजावायची वेळ आली की माझी जीभ अडखळते. पुतळा काढला ते मला पटलं. शेजारच्या आजोबांना अजून पटलेलं नाही.

नाना : आता माझं ऐका. योगायोग वेगळा आणि माणसांनी धरलेली तारीख वेगळी. स्वातंत्र्याचा ठराव मुळात २ जुलैला झाला. अ‍ॅडम्सने बायकोला लिहिलं होतं की पुढच्या पिढ्या २ जुलै साजरी करतील. ४ ला फक्त मसुदा मंजूर झाला, आणि बहुतेकांच्या सह्या तर ऑगस्टमधल्या. कागदावर ४ छापलं गेलं, म्हणून ४.

दादा : नाना, मग लुई आर्मस्ट्राँग तुम्हाला आवडेल. जॅझचा बादशहा. जन्मभर सांगत आला, माझा जन्म ४ जुलै १९००. १९७१ ला गेला, आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी न्यू ऑर्लिन्सच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंद सापडली. त्यात जन्मतारीख ४ ऑगस्ट १९०१!

नाना : हा हा. म्हणजे आमच्यासारखंच. मास्तरांनी शाळेत घालताना अख्ख्या वर्गाची जन्मतारीख १ जून लावली. मी त्याच तारखेवर रिटायर झालो.

आत्या : आई सांगायची, नाना पोळ्याच्या आदल्या दिवशीचा.

चिनू : दादा, बेसबॉलचं काही?

दादा : आहे की. ४ जुलै १९३९, यँकी स्टेडियम. लू गेहरिग. ओळीने २१३० सामने खेळलेला माणूस, एकही चुकवला नाही. त्या वर्षी हातापायातली ताकद जायला लागली. मेयो क्लिनिकने एएलएसचं, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या मज्जासंस्थेच्या आजाराचं, निदान केलं ते १९ जूनला, त्याच्या ३६ व्या वाढदिवशी. ४ जुलैला दोन सामन्यांच्या मधल्या वेळात त्याचा सत्कार केला, ६० हजारांवर लोक. आधी तो बोलायलाच तयार नव्हता. मग माइकपुढे आला आणि म्हणाला, मी या पृथ्वीवरचा सगळ्यात भाग्यवान माणूस आहे.

वहिनी : बाई गं.

दादा : त्याचा ४ नंबर क्लबने कायमचा राखून ठेवला, पुन्हा कुणाला दिला नाही. २१३० चा विक्रम ५६ वर्षं टिकला, १९९५ ला कॅल रिपकनने मोडला. आणि नाना, ते सलग सामने सुरू कधी झाले ठाऊक आहे? १ जून १९२५.

नाना : 😄

चिनू : गेहरिग किती वर्षांचा होऊन गेला?

दादा : ३७.

चिनू : फॉस्टरही ३७!!!

नाना : चिन्या, पुरे. नाहीतर उद्या आत्याचा नवा फॉरवर्ड येईल.

आत्या : मी वाचतेय हं सगळं.

दादा : एक हलकं सांगतो आणि निघतो, ग्रिल पेटवायचंय. ४ जुलै १९८५, अटलांटा. तिथले ब्रेव्ह्ज आणि न्यूयॉर्कचे मेट्स. पावसाने सामना उशिरा सुरू झाला, बरोबरी काही सुटेना. ९ डावांचा खेळ १९ डावांपर्यंत गेला. १८ व्या डावात ब्रेव्ह्ज हरणारच होते, आणि रिक कॅम्प नावाच्या पिचरने होमरन ठोकून पुन्हा बरोबरी केली. अकराव्या नंबरच्या बोलरने शेवटच्या बॉलवर सिक्स मारावा, तसं. शेवटी मेट्स १६-१३ ने जिंकले, तेव्हा पहाटेचे ४ वाजायला आले होते. आणि सामन्यानंतर आतषबाजी करायचं कबूल केलेलं, म्हणून तेव्हाही केली! आजूबाजूचे लोक दचकून उठले, पोलिसांना फोन.

आत्या : पहाटे ४ ला? आमच्या सोसायटीत रात्री १० नंतर फुलबाजी पेटवली तरी सेक्रेटरी खाली उतरतात.