गुरुए (मोझांबिक) येथे तुरीच्या हंगामात तीन आठवडे मुक्काम: साधे लॉज कसे निवडावे?

उदगीरची निरीक्षक

नमस्कार. शेतमालाची प्रत तपासणाऱ्या एका संस्थेत मी नोकरी करते. येत्या ऑगस्टमध्ये तुरीच्या खरेदीसाठी तीन आठवडे मोझांबिकमधील झांबेझिया प्रांतातल्या गुरुए या गावी राहण्याचे काम माझ्याकडे आले आहे. 2016 साली भारत आणि मोझांबिक यांच्यात तूर आयातीचा करार झाल्यापासून तिकडची पोती लातूरच्या आडतीत मी कितीतरी वेळा उघडून पाहिली आहेत. ती जेथे भरली जातात ते गाव मात्र अजून पाहिलेले नाही.

मुक्कामासाठी मिळणारा भत्ता बेताचा आहे, त्यामुळे बाजारपेठेतल्या एखाद्या साध्या लॉजमध्येच राहावे लागेल. मला पोर्तुगीज येत नाही, मी अंडी खाते पण मांस-मासे खात नाही, आणि परदेशात एकटीने राहण्याची ही पहिलीच वेळ आहे. पाणी, वीज, जेवण, डास आणि खोलीची सुरक्षितता यांविषयी ज्यांनी तेथे दिवस काढले आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. वडिलांचा रोजचा प्रश्न एकच असतो: दाराला आतून कडी असते का?

नामुलीचा पायथा

ताई, मी अकोल्याचा. डाळीच्या व्यवसायानिमित्त सलग चार हंगाम गुरुए आणि आल्तो मोलोकुए या दोन्ही गावांत राहिलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

गुरुए हे नामुली डोंगराच्या कुशीतले चहामळ्यांचे गाव आहे. नामुलीची उंची 2,419 मीटर असून देशात त्याचा क्रमांक दुसरा लागतो. नाम्पुलापर्यंत विमानाने गेलात तरी पुढचा पूर्ण दिवस रस्त्यावर जातो, कारण एन-1 महामार्गाने आल्तो मोलोकुएवरून नाम्पेवोच्या फाट्यापर्यंत यावे लागते आणि तेथून गुरुएकडे वळावे लागते. संस्थेची गाडी नसेल तर 'शापा' म्हणजे आपल्या वडापसारखी प्रवासी गाडी घ्यावी लागेल. ती पहाटे चार-पाचच्या सुमारास लागते आणि भरल्याशिवाय हलत नाही. हे सांगण्याचे कारण असे की आपण गावात कोणत्या वेळी पोहोचता यावर खोली कशी मिळेल हे बरेचसे ठरते. अंधार पडल्यावर थकून पोहोचलेला माणूस पहिलीच खोली न पाहता घेतो. माझ्या पहिल्या हंगामात मी तेच केले. सकाळी पाहतो तो नळ कोरडा, खिडकीची काच फुटलेली, आणि भिंतीपलीकडच्या दारूच्या अड्ड्यावरचे गाणे पहाटे तीनपर्यंत चाललेले. तीन रात्रींचे पैसे आधीच दिलेले असल्यामुळे तेथेच राहावे लागले.

म्हणून गावात दिवसाउजेडी पोहोचा आणि पैसे देण्यापूर्वी खोली पाहा. पाटीवर 'पेन्सांव' असो किंवा 'रेझिदेन्सियाल', दोन्ही साधी लॉजच, त्याने फारसा फरक पडत नाही. 'स्वीत' या शब्दाने मात्र फसू नका. तेथे त्याचा अर्थ ऐसपैस खोली असा नसून न्हाणीघर खोलीला लागून आहे एवढाच आहे. आपण एकट्या आहात, तेव्हा 'स्वीत'च घ्या, चार पैसे जास्त पडले तरी चालतील. रस्त्याकडची खोली नको, मागच्या अंगणातली मागा. शुक्रवार ते रविवार बाजाराच्या बाजूला झोप मिळत नाही.

खोलीत शिरल्यावर प्रथम न्हाणीघराकडे जा. नळ आहे की नाही यापेक्षा कोपऱ्यात निळा किंवा काळा प्लास्टिकचा पिंप भरलेला आहे का आणि त्यावर मग आहे का, हे महत्त्वाचे. नळाला पाणी येण्याची वेळ ठरलेली नसते. पिंप रोज भरणारी बाई असली की आपला दिवस नीट जातो. गरम पाणी सकाळी बादलीने आणून देतात, पण ते आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावे लागते.

भाषेची चिंता मात्र करू नका, कारण लॉजमधली निम्मी पोर्तुगीज आपल्याला घरीच आलेली आहे. किल्लीला ते 'शाव्ह' म्हणतात, तीच आपली चावी. बादलीला 'बाल्द', साबणाला 'साबांव', टॉवेलला 'तुआल्या' आणि पावाला 'पांव' म्हणतात. पहिल्या दिवशी मी नुसते 'बाल्द, आग्वा केंत' म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात वाफाळती बादली हजर होती. 'आग्वा' म्हणजे पाणी आणि 'केंत' म्हणजे गरम. चावीला बहुधा खोलीचा क्रमांक रंगवलेला लाकडी ठोकळा अडकवलेला असतो. तो खिशात मावत नाही, म्हणून बाहेर जाताना चावी देऊन जाण्याची पद्धत आहे.

नाम्पुलाची वहिनी

उदगीरच्या ताई, माझे यजमान बांधकामाच्या कामावर असल्यामुळे मी सहा वर्षे नाम्पुला शहरात राहते आणि झांबेझियात अनेकदा एकटीने प्रवास केला आहे. वरील प्रतिसादातील बहुतेक गोष्टी पटल्या, फक्त चावीच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. चावी देऊन जायचे असेल तर पासपोर्ट, पैसे आणि लॅपटॉप खोलीत ठेवू नका. मी स्वतःचे एक छोटे कुलूप नेते आणि बॅगेच्या दोन्ही चेनना मिळून ते लावते.

आता आपल्या वडिलांच्या प्रश्नाविषयी. कडी सगळीकडे असतेच असे नाही, आणि असली तरी कधीकधी तिचा एकच स्क्रू शिल्लक राहिलेला असतो. दाराखाली सारण्याची रबरी पाचर सोबत न्या. ती हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते आणि आतून लावली की बाहेरून दार ढकलले जात नाही. परंतु माझ्या मते कडीपेक्षा माणसे पाहावीत. रात्री फाटकावर 'गुआर्दा' म्हणजे राखणदार जागा असतो का, जागेची मालकीण किंवा तिच्या घरातले कोणी तेथेच राहते का, आणि खोल्या तासावर दिल्या जातात का, एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या की स्त्रीने तेथे राहावे की नाही हे कळते. तासावर खोल्या देणारी जागा टाळा. मुले अंगणात खेळत आहेत आणि दोरीवर घरातले कपडे वाळत आहेत, अशा पेन्सांवमध्ये मला कधीही भीती वाटलेली नाही. मनासारखी जागा मिळाली नाही, तर गुरुए हे कॅथलिक धर्मप्रांताचे ठिकाण आहे. मिशनच्या घरात पाहुण्यांसाठी खोली आहे का, याची चौकशी जरूर करा.

रात्री मुक्कामाच्या वेळी नोंदवहीत पासपोर्टचा तपशील लिहून घेतात, त्यात वावगे काही नाही. पासपोर्ट मात्र त्यांच्याकडे ठेवू देऊ नका. बाजारात जाताना कापुलाना, म्हणजे तिकडच्या बायका गुंडाळतात ते छापील कापड, कमरेला गुंडाळली तर बायका आपणहून बोलतात. पहिल्याच आठवड्यात एक विकत घ्या; ती ओढणी, चादर आणि पडदा या तिन्ही कामांना येते.

जेवणाबाबत निश्चिंत असा. झांबेझियात 'मुकापाता' नावाचा पदार्थ होतो, तो तांदूळ, मूग आणि नारळाचे दूध घालून शिजवतात, आणि पहिला घास घेतला की आपल्या मुगाच्या खिचडीची आठवण येते. मुगाला तिकडे 'फैजांव सोरोकु' म्हणतात. सकाळी बाजारात चवळी वाटून तळलेली 'बाजिया' मिळते, ती पावात घालून कागदात गुंडाळून देतात. हीच आपली भजी. मोझांबिकचा कारभार 1752 पर्यंत गोव्यातून चालत असे आणि गुजराती व्यापारीही त्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले, त्यामुळे सामोशाला 'शामुसा' आणि लोणच्याला 'आशार' म्हणणारी माणसे आपल्याला तेथे भेटतील. 'कोव्ह' मागितली तर कोबीचा गड्डा मिळेल असे समजू नका, पालेभाजी येईल. 'मातापा' ही कसाव्याच्या पाल्याची भाजी शेंगदाण्याच्या कुटात आणि नारळाच्या दुधात करतात, पण त्यात बहुधा कोळंबी असते. 'सें पैश, सें कामारांव' म्हणजे मासे नकोत, कोळंबी नको, असे आधीच सांगावे. लॉजच्या स्वयंपाकघरात मागणी दिल्यापासून ताट येईपर्यंत दीड तास सहज जातो. दुपारचे जेवण सकाळी सांगून ठेवा.

साथरोगांचा विद्यार्थी

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे आणि माझे दोन महिने याच प्रांतातल्या मोकुबा येथे गेले आहेत. येथे हिवतापाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. ऑगस्ट हा कोरड्या ऋतूतला महिना असला तरी मोझांबिकमध्ये हिवताप बारा महिने असतो, आणि तो प्रामुख्याने फाल्सिपारम जातीचा, म्हणजे वेळीच उपचार न झाल्यास जिवावर बेतणारा असतो. क्लोरोक्विनवर तेथे विसंबता येत नाही. निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळी ठरवा. डॉक्सिसायक्लिन रोज घ्यावी लागते आणि परतल्यावरही चार आठवडे सुरू ठेवावी लागते. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस पुरते, पण ती महाग आहे. डॉक्सिसायक्लिनने ऊन बाधते, आणि ती जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवे होऊ नये. परत आल्यावर काही आठवड्यांनीही ताप आला तर उदगीरच्या डॉक्टरांना आपण मोझांबिकला गेला होता हे पहिल्या वाक्यात सांगा आणि त्याच दिवशी रक्ततपासणी करा.

लॉजमधली मच्छरदाणी गृहीत धरू नका. ती पलंगावर टांगलेली दिसते, पण हात फिरवला की बोट जाईल एवढी भोके सापडतात. सुई-दोरा सोबत ठेवा. मी पहिल्या संध्याकाळी सात भोके शिवली होती. कीटकनाशक लावलेली स्वतःची मच्छरदाणी नेता आली तर उत्तम, मात्र ती टांगायला चार-पाच मीटर नायलॉनची दोरी घ्या, कारण छताला हूक असेलच असे नाही. पिंपातले पाणी पिण्यासाठी वापरू नका. 2023 मध्ये फ्रेडी चक्रीवादळानंतर या प्रांतात कॉलऱ्याची साथ पसरली होती. बाटलीचे किंवा स्वतः उकळलेले पाणीच प्या, दात घासतानासुद्धा.

उदगीरची निरीक्षक

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि रबरी पाचर वडिलांनी स्वतः जाऊन आणली. आणखी दोन शंका आहेत: पैसे रोख न्यावेत की कार्डावर भागते, आणि वीज गेली तर काय करावे?

नामुलीचा पायथा

लॉजमध्ये कार्ड चालेल असे धरू नका. एटीएम गावात आहेत, परंतु महिनाअखेरीस शिक्षक आणि सरकारी नोकरांचे पगार जमा झाले की रांगा लागतात आणि दुपारपर्यंत यंत्रातले पैसे संपतात. नाम्पुलातूनच पुरेसे मेटिकल काढून न्या आणि नोटा दोन-तीन ठिकाणी विभागून ठेवा. शंभर आणि दोनशेच्या नोटा जपून ठेवा, कारण हजाराची नोट दिली की 'त्रोकु', म्हणजे सुटे, शोधण्यात अर्धा तास जातो. पासपोर्ट दाखवून स्थानिक सिमकार्ड घेतल्यास फोनवरून पैसे देता येतात, आणि पुष्कळ दुकानदारांना तेच सोयीचे वाटते. खोलीचे पैसे आठवड्याचे एकदम ठरवा, पण पहिल्या दोन रात्रींचेच आधी द्या. दर ठरवताना सकाळचा नाश्ता धरला आहे का हे विचारा. त्याला तिकडे 'माता-बिशु' म्हणतात, शब्दशः अर्थ किडा मारणे. त्यात पाव, अंडे आणि चहा असतो.

वीज जाते, कधी तासभर तर कधी रात्रभर. कपाळावर बांधायची बॅटरी आणि मोठी पॉवर बँक घ्या. खोलीतला सॉकेट बहुधा दोन गोल छिद्रांचा असतो, त्यात आपल्या फोनचा चार्जर बसतो, थोडा सैल बसेल इतकेच. काही ठिकाणी दक्षिण आफ्रिकेतला जाड तीन पायांचा सॉकेट दिसतो. तो आपल्या गिझरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटसारखाच आहे, म्हणून घरात त्या मापाचा अडॅप्टर असेल तर बॅगेत टाका.

उदगीरची निरीक्षक (ऑगस्टअखेरीस)

गुरुएहून लिहीत आहे. आम्ही दुपारी तीनला पोहोचलो आणि मी तीन जागा पाहिल्या. पहिल्या जागेत पिंप रिकामा होता. दुसऱ्या जागेच्या नोंदवहीत येण्या-जाण्याच्या वेळा दोन-दोन तासांच्या अंतराने लिहिलेल्या दिसल्या, तेव्हा आत न जाताच परतले. तिसरी जागा बाजारापासून पाच मिनिटांवर आहे, अंगणात पपईची दोन झाडे आहेत आणि मालकीणबाई तिच्या नातवंडांसह समोरच्याच खोल्यांत राहते. पहिल्या संध्याकाळी मी दाराची कडी मोबाइलवर वडिलांना दाखवली. तिला चारही स्क्रू आहेत. पाचर तरीही रोज लावते.

एक गोष्ट मात्र वर कोणी लिहिली नव्हती, म्हणून पुढच्या हंगामात येणाऱ्यांसाठी नोंदवते. डोंगरामुळे येथे ऑगस्टच्या रात्री चांगल्याच गार असतात आणि पलंगावर एकच पातळ पांघरूण मिळते. दुसरे मागण्यासाठी 'माइश उमा मांता' म्हणावे लागते, हे मला चौथ्या रात्री कळले. तोपर्यंत वहिनींनी सांगितलेली कापुलाना दुहेरी करून अंगावर घेत होते. आपली सोलापुरी चादर बॅगेत अवश्य टाका.