मदत हवी आहे: कुत्र्याला रात्री लागोपाठ फिट्स, घरात कोणतं औषध ठेवता?

आमचा मोती, लॅब्रॅडॉर, वय 4, वजन 30 किलो. एपिलेप्सीचं निदान झालंय. साखर, लिव्हर, किडनी नॉर्मल, विषबाधा नाही. फेनोबार्बिटोन (फिट्स रोखायची गोळी) दर 12 तासांनी चालू, डोस कधी चुकवत नाही.

गोळीने सुरुवातीला चांगला फरक पडला. आता मात्र एक फिट आली की मागोमाग दुसरी येते, तीही बहुधा पहाटे. आधी तो येऊन अंगाला चिकटतो, मग पाय ताठ, जबडा कडकड वाजतो, तोंडाला फेस. मी त्याच्या तोंडात काही घालत नाही, कांदाही हुंगवत नाही. सामान बाजूला सारतो, पंखा लावतो, वेळ बघतो, व्हिडिओ काढतो. नंतर मोती बराच वेळ भिंतींना धडकत फिरतो, आम्हालाही ओळखत नाही. बघवत नाही हो.

आम्ही गुहागर तालुक्यात राहतो, रात्री जवळ डॉक्टर नाही. फिट 5 मिनिटांच्या वर गेली तर जिवावर बेतू शकतं, आणि चिपळूण गाठायलाच तासाच्या वर जातो. डॉक्टर म्हणाले, फिट थांबवायला घरी गुदद्वारातून डायझेपाम किंवा नाकात मिडाझोलम स्प्रे देता येईल, जे जमेल ते ठरवा. डोस तेच सांगतील, तो इथे विचारत नाहीये.

ज्यांनी हे घरी दिलंय त्यांनी सांगा: एवढं मोठं कुत्रं झटके देत असताना एकट्या माणसाला यातलं कोणतं नीट देता येतं? आणि औषध दिल्यावर किती वेळ वाट बघून तुम्ही गाडी काढता?