कोजागिरीची अंगत-पंगत गच्चीवर: कुणी काय आणायचं?

वरचा_मजला:
यंदा कोजागिरीला मित्रमंडळी आमच्या गच्चीवर जमणार. १८ मोठे, ६ मुलं. मसाला दूध आमच्याकडे, बाकी जेवण सगळ्यांनी मिळून आणायचं. पावभाजी, भेळ आणि एखादा भात डोक्यात आहे. दोघं कांदा-लसूण खात नाहीत, एका मुलाला सुक्यामेव्याची ॲलर्जी आहे. वाटणी कशी करावी? दूध किती? गच्चीवर इंडक्शन चालेल ना?

पळीवाढी:
"जमेल ते आणा" असं ग्रुपवर अजिबात टाकू नका. तीन घरून ढोकळा येतो आणि पाव कुणीच आणत नाही. पदार्थ आणि प्रमाण तुम्हीच लिहून द्या.

भाजी एकाच घरी होऊ दे, नाहीतर दोन रंगांच्या, दोन चवींच्या भाज्या येतात. बटाटे दीड किलो, टोमॅटो दीड किलो, फ्लॉवर पाऊण, मटार आणि सिमला मिरची अर्धा-अर्धा, कांदा पाऊण, लोणी अर्धा किलो. पाव ७०, त्याच दिवशीचे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी उकडून घोटलेल्या भाज्या आधीच वेगळ्या काढून टोमॅटोवर परताव्यात. मसाल्याच्या पाकिटावरचे घटक वाचा, बऱ्याच मसाल्यांत लसूण असतो.

भात म्हणजे तोंडली घालून मसालेभात, कांदा-लसणाशिवाय. एरवी इतक्या माणसांना दोन किलो तांदूळ लागला असता, पावभाजी असताना एक किलो पुरतो.

भेळेला कुरमुरे पाऊण किलो. ते घरीच कोरडे भाजून घट्ट डब्यात आणायचे, रात्री गच्चीवर उघडे राहिले की सादळतात. चटण्या वेगळ्या. सहा-सहा प्लेटांचीच कालवा, एकदम कालवली तर शेवटच्या माणसाला लगदा मिळतो.

ऑफिसातून थेट येणाऱ्याला पहिला खाण्याचा पदार्थ देऊ नका. त्याच्याकडे पाणी, ताटल्या, लिंबं, कचऱ्याच्या पिशव्या.

साय_नको:
दूध ६ लिटर, फुल क्रीम. आटवून ५ झालं की माणशी कपभर आणि थोडं उरतं. पातेलं ९-१० लिटरचं, जाड बुडाचं. आधी तळाला वाटीभर पाणी फिरवा, मग दूध ओता. तासाभराचं काम आहे, उलथनं तळाला लावून ढवळत राहा. तरी लागलंच तर तळ खरवडू नका, वरचं दूध अलगद दुसऱ्या पातेल्यात ओता.

साखर साधारण अर्धा किलो. बदाम ७५ ग्रॅम, पिस्ते ५०, काजू २५ (जास्त काजूनं दूध खिरीसारखं होतं), वेलची, अर्धं जायफळ, कोमट दुधात भिजवलेलं केशर. पूड करताना मिक्सर सलग फिरवला तर बदामाला तेल सुटून गोळा होतो. त्यातलीच थोडी साखर घालून थांबत-थांबत फिरवा. पूड शेवटच्या दहा मिनिटांत घाला, आधी घातली तर तळाशी बसून करपते.

पिशव्या वेगवेगळ्या वेळी आणल्या असतील तर प्रत्येकीतलं थोडं दूध आधी उकळून बघा. एक नासकी पिशवी सहा लिटर फाडते.

वर नेल्यावर चांदण्यात ठेवायचं, दिव्याखाली नाही. या दिवसांत दिव्याभोवती तुडतुडे असतात. वरून मलमलचं फडकं.

फ्यूजवायर:
इंडक्शनचं आधी बघा. गच्चीवर बहुधा ६ ॲम्पिअरचा पॉइंट असतो, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॉट. २००० वॉटची शेगडी जवळपास ९ ॲम्पिअर ओढते. साधा एक्स्टेन्शन बोर्ड लावलात तर एमसीबी पडेल, आणि नाही पडली तर वायर तापेल, ते जास्त वाईट. १६ ॲम्पिअरचा पॉइंट नसेल तर खाली घरातच गरम करा. कॅसरोलमध्ये उकळतं पाणी दहा मिनिटं ठेवून ओता, मग भाजी भरा.

वरचा_मजला:
पॉइंट ६ चाच आहे. सगळं खालीच गरम करतो. ॲलर्जीवाल्या मुलासाठी बदामपूड न घातलेलं दूध पुरेल ना?

साय_नको:
पूड पडायच्या आधी लिटरभर दूध वेगळ्या भांड्यात काढा. त्यात फक्त साखर, वेलची, केशर, आणि पळीही वेगळी. वेलची सुक्यामेव्याच्या मिक्सरमधून नका काढू, खलबत्त्यात कुटा. भेळेच्या फरसाणात शेंगदाणे असतात. ते त्याला चालतात का, हे त्याच्या आईला आधीच विचारून ठेवा.